एकट्याने आखलेली अल्ट्रामॅरेथॉन: वाई ते महाबळेश्वर आणि परत

42.195 किलोमीटरपेक्षा लांब धावेला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात आणि ती धावण्यासाठी नावनोंदणी, छातीवरचा क्रमांक किंवा पदक लागतेच असे नाही. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वर गाठायचे आणि त्याच रस्त्याने परतायचे, हे सुमारे 64 किलोमीटरचे अंतर मी दुसऱ्या प्रयत्नात पूर्ण केले. पहिला प्रयत्न फसला त्याला पाय कारण नव्हते. आयोजकाचे आणि धावणाऱ्याचे काम एकाच डोक्याने करायचे असते, हे मला उमगलेले नव्हते. पन्नासाव्या किलोमीटरला ते डोके साधी वजाबाकीसुद्धा करत नाही. म्हणून सगळे निर्णय घरी, भरल्या पोटी घ्यावेत आणि कागदावर लिहून खिशात ठेवावेत.

त्या कागदावर पाणी कुठे भरायचे, कोणत्या ठिकाणी किती वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर मागे फिरायचे आणि कोणती लक्षणे दिसताच धाव सोडायची, हे तरी असलेच पाहिजे. उलट्या थांबत नसतील, बराच वेळ लघवी झाली नसेल किंवा बोलताना शब्द अडखळू लागले असतील, तर वाद न घालता थांबावे. हा निर्णय स्वतःकडे न ठेवता दुचाकीवरून सोबत करणाऱ्या मित्राकडे सोपवावा, आणि त्याच्या फोनमध्ये 108 व 112 हे क्रमांक असावेत. सोबत मिळत नसेल तर घाटाचा नाद सोडून घराभोवती पाच किलोमीटरच्या फेऱ्या माराव्यात; त्यात घर हेच पाणपोईचे काम करते, मात्र प्रत्येक फेरीला पलंगही दिसतो.

घाटात शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, म्हणून कामाचा दिवस निवडावा. जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. पहाटे निघणाऱ्याने डोक्याला दिवा बांधावा, चमकणारे जाकीट घालावे आणि समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने धावावे. उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर मात्र आतल्या बाजूचा धावणारा चालकाला दिसत नाही, तेव्हा वळणाच्या आधीच रस्ता ओलांडून बाहेरची कड धरावी.

पहिल्या खेपेला मी वाटेतल्या टपऱ्यांवर विसंबलो होतो आणि पहाटे एकही उघडी नव्हती. नंतर ऊन चढल्यावर केलेली चूक अधिक मोठी होती: तहान नसतानाही मी नुसते पाणी पीत राहिलो, बोटे सुजली आणि मळमळू लागले. घामावाटे मीठ जात असताना केवळ पाणी पोटात ढकलले, तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. यावर उपाय म्हणजे सरावात तासभर धावण्याच्या आधी आणि नंतर वजन करून आपल्याला किती घाम येतो हे जाणून घ्यावे, तहानेप्रमाणे प्यावे आणि ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळावी. अर्ध्या पाण्यात कालवून ‘जास्त ताकद’ मिळत नाही. दुखते म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन धावणे टाळावे, कारण शरीरातले पाणी कमी झालेले असताना तिचा मूत्रपिंडांवर ताण येतो.

खाण्याच्या बाबतीत दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके हा सर्वसाधारण हिशेब आहे. मध्यम केळ्यात त्यांपैकी सुमारे 25 ग्रॅम मिळतात. तीस किलोमीटरनंतर गोड नकोसे होते, तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा कामी येतो. पाचगणी जाताना आणि येताना, अशी दोनदा लागते. तिथे ओळखीच्या दुकानात कोरडे मोजे, व्हॅसलीन आणि बटाट्यांचा डबा ठेवून मी पाठीवरचे ओझे निम्मे केले.

सर्वांत कमी लेखलेली गोष्ट म्हणजे शेवटचा उतार. पाचगणी वाईपेक्षा सुमारे 600 मीटर उंच आहे आणि हा सारा उतार पन्नास किलोमीटर धावलेल्या मांड्यांवर येतो. आधीचे दोन महिने आठवड्यातून एकदा मुद्दाम उतारावर धावावे, आणि त्या दिवशी पावले आखूड टाकावीत.

परतीच्या प्रवासाची सोयही आदल्या दिवशीच करावी. वाईत पोहोचल्यावर गाडी स्वतः चालवण्याचा बेत मी केला होता, पण क्लच दाबताच पोटरीत गोळा आला आणि किल्ली मित्राच्या हातात द्यावी लागली.