सिमँटिक ॲनोटेशन शिकताना: देखभाल विभागाच्या अहवालांवरून

कारखान्याच्या देखभाल विभागात वर्षानुवर्षांचे दुरुस्ती अहवाल साठलेले असतात. कुणी लिहितो ‘बेअरिंग गरम झालं’, कुणी ‘बेअरिंग ओव्हरहीट’, तर कुणी नुसतंच ‘पंपाला आवाज, बेअरिंग बदललं’. सिमँटिक ॲनोटेशन करताना मजकुरातला नेमका तुकडा निवडून तो ठरलेल्या संकल्पनेच्या यूआरआयला (वेबपत्त्यासारखी तिची एकमेव ओळख) जोडायचा असतो. मग ‘बेअरिंग तापणं’ शोधलं की शब्द वेगळे असले तरी पहिले दोन अहवाल सापडतात.

आणि तिसरा? फिटर सांगेल, तापलंच असणार. पण कागदावर फक्त आवाज आणि बदल आहे. माझं मत ठाम आहे: मजकुरात नाही ते आपण भरायचं नाही. असा अंदाज उपयोगी असतो, पण त्याची नोंद वेगळी ठेवावी. टीममध्ये सर्वाधिक वाद इथेच होतात. ते होऊ द्या आणि निर्णय लगेच नियमपुस्तिकेत उदाहरणासह लिहा.

नियम नीट उतरलेत का, हे पाहायला दोघांनी तेच अहवाल एकमेकांचं न बघता खुणावायचे. अहवालाला एकच वर्ग द्यायचा असेल तर कोहेनचा कप्पा (१९६०) वापरा, म्हणजे दोघांची उत्तरं किती जुळतात ते सांगणारा आकडा. योगायोगाने जुळलेली उत्तरं तो हिशेबात घेतो. मजकुरातले तुकडे निवडायचे असतील तर एफ-स्कोअर (दोघांनी निवडलेले तुकडे किती जुळले याचा आकडा) बरा, कारण न निवडलेले तुकडे किती ते मोजताच येत नाही. आकडा कमी आला तर माणसांना बोल लावण्याआधी नियम वाचा.

नवे लोक थेट ओडब्ल्यूएल या संकल्पनांचे संबंध काटेकोर मांडणाऱ्या भाषेच्या तर्कनियमांकडे धावतात. मी आधी स्कॉस, म्हणजे संकल्पनासूची मांडायची सोपी पद्धत, शिका म्हणेन. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं हे २००९चं मानक: प्रत्येक संकल्पनेला एका भाषेत एकच मुख्य नाव, पर्यायी नावं हवी तेवढी. कामगारांच्या तोंडचे शब्द या पर्यायी नावांत आवर्जून घाला.

ग्रंथालयशास्त्रातून येणाऱ्यांनी बिचकू नये. यंत्र, भाग, बिघाड, उपाय अशी पैलूवार मांडणी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३३च्या कोलन वर्गीकरणाच्या वाटेनेच जाते. सरावासाठी जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं इन्सेप्शन हे मजकूर खुणावायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

नोकरी घेताना एक जरूर विचारा: नवं यंत्र आलं की संकल्पनासूचीत भर कोण घालतं? ठराविक माणूस नसेल, तर ती जबाबदारी तुमच्या कामात लेखी मागून घ्या, आणि त्यासाठी आठवड्यातला वेळही.