उखडलेला सोल घरी कसा चिकटवावा

नागपुरात बुटांचे सोल सुटायचे दोन हंगाम: मे महिना आणि पावसाळा. पारा ४५ अंशांपुढे गेला की गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवर राहिलेल्या बुटातलं सोल्युशन, म्हणजे सोल चिकटवणारा गोंद, मऊ पडतं, आणि चालताना सर्वांत जास्त वाकणारा चवडा आधी उघडतो. बूट टाकून देण्याची घाई नको, पण सोल्युशन आणण्याआधी एक गोष्ट तपासा.

सुटलेल्या फटीत नख घाला. आतल्या फोमचा भुगा हाताला लागला, तर तो पीयू (पॉलियुरेथेन) फोम हवेतल्या ओलाव्याने कुजलेला आहे. काही वर्षं कपाटात नुसत्या पडून राहिलेल्या ट्रेकिंगच्या बुटांचं असं होतं. भुग्यावर काहीच चिकटत नाही. मोचीकडून पूर्ण नवा सोल बसवून घ्यावा लागतो. फोम घट्ट असेल तर काम घरी होतं.

फेविक्विक वापरू नका. ते वाळून कडक होतं आणि बूट वाकला की तडकतं. त्याचा थर खरवडणं मग महाकठीण. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशनही इथे कमी पडतं. हवं ते फेविकॉल एसआर ९९८ सारखं सिंथेटिक रबराचं.

बूट धुऊन, खाचांतली काळी माती जुन्या टूथब्रशने काढून, सावलीत पूर्ण वाळवा. जुनं सोल्युशन खरवडा. मग ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर दोन्ही बाजूंवर रबराची चमक जाईपर्यंत घासा. बहुतेक जोड याच पायरीवर कंटाळा केल्यामुळे पुन्हा सुटतात. भुकटी झाडा, स्पिरिटचं फडकं फिरवा, सुकू द्या.

खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवा. सोल्युशनची वाफ पेट घेते. दोन्ही बाजूंना पातळ थर द्या. फोमने तो पिऊन टाकला तर सुकल्यावर दुसरा द्या. आता थांबायचं, साधारण १० ते १५ मिनिटं. बोट लावल्यावर चिकट लागावं पण तार निघू नये. उन्हाळ्यात हे लवकर होतं. पावसाळ्यात द्रावक उडताना थर गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि पकड जाते. म्हणून जोडण्याआधी हेअर ड्रायरने दोन्ही बाजू कोमट करा.

एकदा टेकलं की सरकवता येत नाही. टोकापासून नेम धरून टाचेकडे दाबत जा, बुटात कापड कोंबा, हातोडीने कडा ठोका. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळा आणि २४ तास हात लावू नका.

बेअरफूट बुटांचा, म्हणजे अनवाणी चालल्यासारखं वाटावं म्हणून बनवलेल्या बुटांचा, सोल जेमतेम ४-५ मिलिमीटर जाड असतो. तिथे सोल्युशनचा थर आणखी पातळ हवा, गुठळी राहिली तर पायाला कळते. मोचीला आरपार शिलाई मारू देऊ नका: धागा रस्त्यावर घासून तुटतो आणि सुईच्या भोकांतून पाणी शिरतं. नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या जंगलाकडे फिरायला जात असाल तर चिकटवण्याआधी सोल उलटा वाकवून बघा. बाभळीच्या काट्यांची मोडकी टोकं आणि सराटे चिमट्याने उपसा. आत राहिलेलं टोक चालताना वर सरकत तळपायात घुसतं.