सुका कचरा देताना या चुका टाळा

गावात घरोघरी हिरवा आणि निळा असे दोन डबे वाटून झाले. आता निळ्यात तांदूळ भरलेला असतो, हिरव्यात कोंबड्यांचं पाणी, आणि घंटागाडीचा भोंगा वाजला की दिसेल ते एका पन्नीत कोंबून, गाठ मारून गाडीत फेकलं जातं. आमचा बचत गट ग्रामपंचायतीच्या शेडवर हा कचरा निवडतो, म्हणून बोलायचा हक्क आहे.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते या गाठीच्या पन्नीनं. तुम्ही गाठ मारली म्हणजे कचरा संपला नाही, ती गाठ आमच्यापैकी कोणीतरी सोडते. आत कालचा वरण-भात, चहाचा चोथा, त्यात भिजलेली पोराची वही आणि शाम्पूची बाटली. पुठ्ठा ओला झाला की कबाडी त्याला हात लावत नाही, लावलाच तर भाव पाडून मागतो. गाडीतून अशी पन्नी रस्त्यावर पडली तर गाय काही गाठ सोडत बसत नाही, पन्नीसकट गिळते. प्लास्टिक तिच्या पोटात पचत नाही, पुढेही सरकत नाही, तिथेच गोळा होऊन बसतं.

मुळात ज्यांच्या घरी गोठा आहे, मागे उकिरडा आहे, त्यांनी भाजीचे देठ गाडीत का टाकावेत, हे मला अजून समजलेलं नाही. आणि सुका कचरा रोज द्यायचाच कशाला? तो सडत नाही, वास मारत नाही. माझ्याकडे दाराआड खिळ्याला दोन चुंगड्या, म्हणजे पोती, टांगलेल्या असतात, एक कागद-पुठ्ठ्याची, दुसरी प्लास्टिक-पत्र्याची. भरली की देते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडत नाही, कारण तो इवलासा तुकडा निवडणाऱ्याच्या हाती लागत नाही, थेट नालीत जातो. पिशवी विसळते, पाणी तुळशीला घालते, पिशवी दोरीवर वाळवते. शेजारच्या सुना हसतात, हसू देत.

दुसरी चूक जिवावरची आहे. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, फवारणीचे दिवस होते. एका चुंगडीतून औषधाची लिटरभराची बाटली आली, झाकण घट्ट. आमच्यातल्या एकीनं ती चेपायला पाय दिला, झाकण उडालं आणि तळाचं औषध पोटरीवर, लुगड्यावर आलं. साबणानं पाय धुतला, पण लुगडं तेच ओलं अंगावर ठेवून ती कामाला बसली. घटकाभरात घाम, मळमळ, तोंडाला लाळ. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं तर डॉक्टरांनी आधी विचारलं, औषध कोणतं? मग एक जण बाटली आणायला परत पळाली. बाई वाचली. बाटलीचा मालक संध्याकाळी म्हणतो, "काकू, बाटली त रिकामीच होती ना!"

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते पाहूनही हे असं. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच कीटकनाशकाचे डबे घातक घरगुती कचऱ्यात धरलेले होते, सुक्या कचऱ्यात त्यांना जागाच नाही. लेबलावर हिरवा त्रिकोण आहे म्हणून ते सरबत होत नाही. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, पण विष चारही. बाटली वावरातच तीनदा विसळा आणि ते पाणी फवारणीच्या पंपात ओता, विहिरीजवळ किंवा नाल्यात नको. मग तिला भोक पाडा, म्हणजे कोणी तेल भरायला उचलणार नाही. पोरांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी वेगळी ठेवा आणि गाडीवाल्याला सांगून हातात द्या. जाळू तर मुळीच नका. "जाळलं की झंझट संपली" म्हणणारे उतावळे मला प्रत्येक गल्लीत भेटतात. धूर त्यांच्याच घरात शिरतो.

बाकीच्या चुका. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर "काच" असं लिहून द्या, नुसती टाकलीत तर कोणाचा तरी हात कापतो. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, लाल खूण करून वेगळे द्या. सुया जाड बाटलीत, झाकण लावून. ट्यूबलाइट न फोडता द्या, आत पारा असतो. चिप्सच्या आणि शाम्पूच्या पुड्यांत प्लास्टिक-ॲल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात, कबाडी त्या घेत नाही. त्या वेगळ्या बांधा, बाटल्यांत मिसळू नका. तंबाखूचा खर्रा सोडा असं सांगून मी थकले, निदान त्याची पन्नी नालीत टाकू नका.

ठिबकच्या जुन्या नळ्या चिखलासकट गाडीत का टाकता? झटकून गुंडाळी केली तर कबाडी वजनावर घेतो, पैसे तुमचेच. आणि चुलीची राख गाडीत नकोच. वरून थंड दिसते, आत विस्तव असतो आणि खाली आमचा पुठ्ठा. परसातल्या वांग्यांना घाला.