मुलांना घेऊन ओहोटीला खाडीवर कसे जावे

कोकणातल्या मुलाला पोहायला येण्याआधी पाण्याची वेळ कळली पाहिजे, असे माझे वडील म्हणत. माझ्या दोन मुलांना घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या खाडीवर तिसऱ्या, म्हणजे वाळूतले खायचे शिंपले, काढायला जाऊ लागल्यापासून मला त्यांचे म्हणणे दर खेपेला नव्याने पटत आले आहे.

तयारीची सुरुवात कॅलेंडरपासून करावी आणि हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. तृतीयेला तीनची पाऊणपट म्हणजे सव्वादोन वाजता पूर्ण भरती, आणि तिच्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. हा अंदाज अर्धा-पाऊण तास चुकू शकतो आणि खाडीत आत जावे तसे पाणी उशिरा फिरते, म्हणून छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तो ताडून पाहावा. मुलांना न्यायला द्वितीया ते चतुर्थी हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात, कारण उधाण नुकतेच होऊन गेलेले असल्याने पाणी खूप आत ओसरते आणि ओहोटी सकाळच्या उजेडात येते. अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे, पाणी असते, तेव्हा फारशी वाळू उघडी पडत नाही. पावसाळ्यात मात्र मुलांना खाडीत उतरवूच नये.

पायात घट्ट बसणारे जुने बूट असावेत, कारण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार तळपाय सहज चिरते. उथळ पाण्यात पाऊल उचलून न टाकता वाळूवर घासत चालायला शिकवावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) चाहूल लागून निघून जाते. त्याचा काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी आणि डॉक्टरांकडे न्यावे. चिखलात पाय रुतल्यास तो सरळ वर ओढू नये. गुडघा वाकवून पाय हळूहळू हलवला की भोवती पाणी शिरते आणि पकड सुटते.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचावे आणि ओसरत्या पाण्यामागून पुढे सरकावे. आता सर्वांत महत्त्वाचे काम. पाणी थांबले असे वाटले की त्याच्या कडेला एक काठी रोवावी, वाळूपासून चार बोटांवर चाकूने खूण करावी आणि ती खूण पाहत राहण्याची जबाबदारी एका मुलाकडे सोपवावी. खूण भिजली की परत फिरायचे, मग टोपली भरलेली असो वा नसो. भरती पहिल्या तासात इतकी संथ चढते की माणूस गाफील राहतो, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मे पाणी येते. शिवाय खाडीत पाणी समोरूनच येते असे नाही, आपण ओलांडून आलेल्या सखल वाटा पाठीमागे आधी भरतात.

हे मी चूक करून शिकलो. तीन वर्षांपूर्वी थोरल्याने, ‘बाबा, खूण भिजली,’ असे दोनदा ओरडून सांगितले आणि तिसऱ्या भरपूर लागत होत्या म्हणून मी, ‘पाचच मिनिटं,’ म्हणालो. परतताना, येताना जेमतेम घोट्याएवढी असलेली पाण्याची वाट धाकट्याच्या कमरेच्या वर गेली होती. त्याला खांद्यावर घेतले, थोरल्याचा हात मनगटाशी धरला आणि आम्ही पार झालो, पण माझ्या मानेभोवतीची त्या मुलाची मिठी मला अजून आठवते. त्या दिवसापासून आमच्याकडे काठीपाशी जो उभा असेल त्याचा शब्द अखेरचा, आणि तो बापानेही मोडायचा नाही. ही जबाबदारी आळीपाळीने द्यावी. नऊ वर्षांचा मुलगासुद्धा ती किती मन लावून पार पाडतो, ते पाहण्यासारखे असते.

तिसऱ्या बोटांनी किंवा लहान खुरप्याने वाळू उकरून काढाव्यात, आणि अंगठ्याच्या नखाहून लहान असलेल्या तिथेच पुरून ठेवाव्यात. त्या का सोडायच्या, हे मुलांना समजावून सांगावे. ज्यांच्या गावाजवळ खाडी नाही, त्यांनी अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जावे. तिथेही हाच हिशेब आणि परतीच्या वेळेचा हाच नियम लागतो.

घरी आल्यावर तिसऱ्या खाडीच्याच पाण्यात तीन-चार तास ठेवाव्यात, म्हणजे पोटातली वाळू त्या बाहेर टाकतात. उघड्या तोंडाची तिसरी टिचकी मारूनही मिटली नाही, तर ती फेकून द्यावी. शिजवल्यावर जी उघडत नाही तीही खाऊ नये. हे निवडण्याचे काम आमच्याकडे धाकटा करतो, आणि त्याने बाजूला काढलेली तिसरी मी पुन्हा पातेल्यात टाकत नाही.