दहावीच्या पोरानं खोटी सही केली तेव्हा

गेल्या वर्षी माझ्या दहावीतल्या मुलानं पूर्वपरीक्षेच्या प्रगतिपत्रकावर माझी सही स्वतःच केली. कन्नडमध्ये नापास झाला होता. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरसारख्या गावात मराठी माध्यमातल्या पोरांना कन्नड जड जातं, हे मला कळतं. पण सही त्यानं माझ्या भीतीनं केली होती, आणि तेच मला जास्त लागलं.

तुमच्या घरी असं झालं, तर आधी त्याला जेवायला वाढा. चौकशी नंतर. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातल्या गोष्टीत बापाचा पैसा उधळून बसलेला धाकटा मुलगा घरी परत येताना बापाला काय सांगायचं ते घोकत येतो. शेवटी म्हणायचं असतं, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. ते वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. बापानं त्याआधीच धावत येऊन मिठी मारलेली असते. लगेच झगा, अंगठी, जोडा मागवतो. आपण मात्र पुरती कबुली घेतल्याशिवाय पोराला जवळ घेत नाही.

क्षमा केली म्हणजे सोडून दिलं, असं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेत गेलो. सरांना त्यानंच सांगितलं, मी नुसती शेजारी उभी राहिले. मग रोज संध्याकाळी अर्धा तास शेजारच्या अक्कांकडे कन्नड वाचन. विषय तिथं संपला. पाहुण्यांसमोर काढायचा नाही, आणि कौटुंबिक प्रार्थनेत तर मुळीच नाही. ‘प्रभू, याला खरं बोलायची बुद्धी दे’ असं मोठ्यानं म्हणणं म्हणजे देवाच्या आडून पोराला बोलणं. डोळे मिटलेले असले तरी त्याचे कान उघडे असतात. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात (३:२१) बापांना सांगितलंय, मुलांना चिडवू नका, ती खिन्न होतील. आयांनीही ते आपल्यालाच सांगितलंय असं समजावं.

चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघालाही हेच लागू. पोरांकडून कबुली मागण्याआधी पुढाऱ्यानं आपली एखादी ताजी चूक सांगावी. वीस वर्षांपूर्वीची नको. त्यांनी सांगितलेलं आईबापांपर्यंत जाणार नाही, पण जिवाला धोका असेल किंवा कुणी त्रास देत असेल तर मी गप्प बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. प्रार्थना मराठीत, कन्नडमध्ये, कोकणीत, ज्याला जमेल तशी करू द्या. आणि उपासनेनंतर पोरं भुकेली असतात. भडंग आणि चहा आधी, शास्त्रपाठ मागून.