शहरी नाल्याच्या पाणलोट क्षेत्राचा पूरधोका नकाशा कसा तयार करावा

मोठ्या नदीचे पाणी चढायला कित्येक तास, कधी कधी काही दिवसही लागतात. काँक्रीट आणि डांबराने झाकलेल्या छोट्या पाणलोटातला नाला मात्र जोराच्या सरीनंतर अर्ध्या-पाऊण तासातच दुथडी भरू शकतो. शिवाय शहरात पुष्कळदा नाल्याचे पाणी बाहेर येत नाही, तर पावसाचे पाणी नाल्यापर्यंत पोहोचूच शकत नाही आणि रस्त्यावर तुंबते. त्यामुळे नाल्याच्या दोन्ही काठांना ठरावीक रुंदीचा पट्टा रंगवून पूरधोक्याचा नकाशा होत नाही. पाणी कोठून येते, कोठे अडते आणि अडल्यावर कोणत्या वाटेने पुढे जाते, या तिन्ही गोष्टी त्यात दिसल्या पाहिजेत.

सुरुवात पाणलोटाच्या सीमेपासून करावी. त्यासाठी जमिनीच्या उंचीचे अंकीय प्रारूप, म्हणजे डीईएम, लागते. जगभरासाठी मोफत मिळणारी प्रारूपे साधारण ३० मीटरच्या चौकटीची, म्हणजे तेवढ्या चौकोनाला एकच उंची देणारी, असतात. त्यांपैकी बहुतेकांना परिचित असलेले एसआरटीएम अवकाशयानातून रडारने केलेल्या फेब्रुवारी २००० मधल्या मोजणीवर आधारलेले आहे. त्यात छपरे आणि झाडांचे शेंडे जमिनीत मिसळलेले असतात आणि उंचीतली चूक काही मीटरपर्यंत जाते. घरात पाणी शिरणार की नाही हे मात्र २०-३० सेंटिमीटरवर ठरते. म्हणून असे प्रारूप केवळ प्राथमिक अंदाजासाठी वापरावे. प्रत्यक्ष नकाशासाठी लायडारचे (लेसर किरणांनी केलेल्या मोजणीचे) किंवा ड्रोन सर्वेक्षणाचे एक मीटर अथवा त्याहून बारीक चौकटीचे प्रारूप मिळवावे आणि उंचीतला फरक मोजणाऱ्या लेव्हल यंत्राने घेतलेल्या काही बिंदूंशी ते ताडून पाहावे. क्यूजीआयएससारख्या नकाशे करण्याच्या मोफत संगणक प्रणालीत उतारावरून प्रवाहाची दिशा आणि पाणलोटाची सीमा काढता येते. पण तेथेच थांबू नये, कारण शहरात भूमिगत वाहिन्या उंचवटा ओलांडून शेजारच्या पाणलोटातले पाणीही आणतात. पर्जन्यवाहिन्यांचा आराखडा मिळवून सीमा दुरुस्त करावी.

आता ज्या टप्प्यावर सर्वाधिक नकाशे बिघडतात, त्याकडे वळू. डीईएमला रस्त्याचा किंवा रेल्वेचा भराव दिसतो, पण त्याखालची मोरी दिसत नाही. त्यामुळे संगणकाला प्रत्येक भराव धरणासारखा वाटतो आणि त्यामागे नसलेले तळे दिसू लागते. प्रत्येक मोरीच्या जागी प्रारूपात वाट कापून द्यावी लागते किंवा मोरीची मापे स्वतंत्रपणे भरावी लागतात. याच्या उलट चूक म्हणजे ‘खड्डे भरा’ ही आज्ञा डोळे मिटून देणे. प्रवाहमार्ग सलग काढण्यासाठी ती उपयोगी आहे. मात्र भुयारी मार्ग, तळघरांची तोंडे आणि सखल चौक अशा पाणी साचण्याच्या खऱ्या जागाही ती सपाट करून टाकते. भरलेल्या प्रारूपातून मूळ प्रारूप वजा केल्यास सगळे खोलगट भाग समोर येतात. हा वजाबाकीचा नकाशा मी नेहमी सर्वांत आधी छापून सोबत घेतो.

मग नाल्याच्या कडेने मुखापासून उगमापर्यंत चालत जावे. कोरड्या दिवसांत, किमान दोघांनी मिळून जावे, आणि बंदिस्त वाहिनीत किंवा मॅनहोलमध्ये कधीही उतरू नये, कारण तेथील विषारी वायू क्षणात जीव घेऊ शकतात. प्रत्येक मोरीची रुंदी, उंची आणि तळपातळी मोजावी, आणि सळई खुपसून गाळाची जाडी पाहावी. समजा मोरी २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच आहे आणि तिच्यात अर्धा मीटर गाळ बसला आहे. क्षेत्रफळ एक तृतीयांशाने घटते, पण वहनक्षमता ४० टक्क्यांहून अधिक कमी होते, कारण उरलेल्या पाण्याला त्या मानाने अधिक घर्षण सोसावे लागते. मोरीच्या तोंडाला आडव्या गेलेल्या जलवाहिन्या, अडकलेला कचरा, खचलेल्या संरक्षक भिंती यांचीही ठिकाणासह छायाचित्रे घ्यावीत.

याच फेरीत पूर्वीच्या पुरांच्या खुणा गोळा कराव्यात. ‘किती पाणी आले होते?’ असे विचारले की उत्तर ‘खूप’ असे येते; ‘कितव्या पायरीपर्यंत आले होते?’ असे विचारले की माणूस उठून पायरी दाखवतो. ती पायरी लेव्हलने मोजावी, दिवस आणि वेळ लिहून घ्यावी, आणि दोन-तीन शेजाऱ्यांकडून खात्री करून घ्यावी. भिंतीवरची गाळाची रेघ, विजेच्या मीटरची वर सरकवलेली पेटी, दाराला नंतर बांधलेला उंच उंबरठा हेही पुरावेच आहेत. या खुणांशिवाय केलेली गणिते तपासण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग बहुधा नसतो.

पावसाचा हिशेब त्यानंतर करावा. लहान पाणलोटासाठी एक साधे सूत्र पुरेसे आहे: अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा), तासाला मिलिमीटरमध्ये पावसाची तीव्रता आणि हेक्टरमध्ये क्षेत्रफळ यांचा गुणाकार करून ३६० ने भागावे, म्हणजे सेकंदाला घनमीटरमध्ये कमाल विसर्ग मिळतो. ५० हेक्टरांवर तासाला ६० मिलिमीटरच्या तीव्रतेने पाऊस पडला आणि गुणांक ०.३ असला, तर विसर्ग २.५ येतो, तीच जमीन बांधकामाने झाकली जाऊन गुणांक ०.८ झाला, तर तो सुमारे ६.७ होतो. नाला तोच, पाऊसही तोच, पण पाणी अडीचपटीहून अधिक. तीव्रता निवडताना १०, २५ आणि १०० वर्षांच्या पुनरावृत्ती कालाची निदान तीन चित्रे करावीत. ‘१०० वर्षांचा पूर’ म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा पूर नव्हे. तो दरवर्षी १ टक्का शक्यतेचा पूर आहे आणि ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. नाला समुद्राला किंवा मोठ्या नदीला मिळत असेल, तर भरतीची अथवा नदीच्या पुराची पातळीही मुखाशी धरावी.

वाहिन्यांमधल्या प्रवाहासाठी एसडब्ल्यूएमएम आणि जमिनीवर पसरणाऱ्या पाण्यासाठी हेक-रासची द्विमितीय पद्धत ही दोन्ही संगणकीय साधने मोफत आहेत. गणिताने दाखवलेली पातळी पायऱ्यांवरच्या खुणांशी जुळत नसेल, तर तळाच्या आणि जमिनीच्या खडबडीतपणाचे (म्हणजे पाण्याला होणाऱ्या घर्षणाचे) आकडे ओढूनताणून बसवू नयेत. आधी एखादी मोरी सुटली आहे का ते शोधावे.

धोक्याची वर्गवारी केवळ खोलीवर करू नये. मीटरमधली खोली आणि सेकंदाला मीटरमधला वेग यांचा गुणाकार पाहावा. ऑस्ट्रेलियात वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीत ०.३ मीटरपर्यंत खोली आणि ०.३ पर्यंत गुणाकार असलेले, फार वेग नसलेले पाणी सर्वसाधारणपणे सुरक्षित मानतात, गुणाकार ०.६ च्या वर गेला की ते सर्वच माणसांसाठी आणि वाहनांसाठी असुरक्षित ठरते. उताराच्या रस्त्यावरचे गुडघाभर पाणी म्हणूनच साचलेल्या गुडघाभर पाण्यापेक्षा वेगळ्या रंगात दाखवावे.

अंतिम नकाशावर प्रत्येक पुनरावृत्ती कालाचे चित्र स्वतंत्र ठेवावे, आणि सर्वांत अरुंद मोऱ्या निम्म्या तुंबल्या आहेत असे धरून आणखी एक चित्र जोडावे. जेथे सर्वेक्षण झाले नाही, तो भाग पांढरा न सोडता आडव्या रेघांनी भरावा, अन्यथा वाचणारा त्याला सुरक्षित समजेल. कोपऱ्यात सर्वेक्षणाची तारीख, डीईएमची चौकट आणि गाळाची धरलेली जाडी लिहावी. मोरी रुंद केली, नाला वळवला किंवा नवा भराव पडला, की तेवढ्या भागाचे गणित नव्याने करून नकाशावरची तारीख बदलावी.