अंजनेरीच्या पायवाटेवर तोंडासमोर कोळ्याचे जाळे आले तर

पावसाळा सरत आला की अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीच्या झाडीतून सकाळी पहिल्यांदा जाणाऱ्याच्या तोंडाला जाळे लागते, आणि त्याच्या मधोमध तळहाताएवढा कोळी दिसला तर भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. ही बहुधा जायंट वुड स्पायडर, अर्थात नेफिला पिलिपेस, या जातीची मादी असते. तिचे शरीर ३ ते ५ सेंटिमीटर लांब, पाय काळे आणि जाळे पिवळसर सोनेरी असते. तिच्या आसपास फिरणारा इवलासा लालसर कोळी म्हणजे तिचे पिल्लू नव्हे, तर नर होय.

अशा वाटेवर पुढच्या माणसाने हातभर लांबीची काठी चेहऱ्यासमोर उभी धरून सावकाश चालावे. नुसते जाळे शोधू नये. दोन झाडांमध्ये ताणलेले आधाराचे धागे शोधावेत, कारण कोवळ्या उन्हाकडे तोंड केले की तेच आधी चमकतात. जाळे दिसल्यावर काठीने ते फाडण्याचा मोह आवरावा. इतर अनेक कोळी रोज नवे जाळे विणतात, ही मादी मात्र जुनेच डागडुजी करून वापरते, त्यामुळे वाकून किंवा वळसा घालून जाणे इष्ट. परतीच्या वाटेवरही ती बहुधा तिथेच भेटेल, एवढे ध्यानात ठेवावे.

तरीही जाळ्यात शिरलाच, तर जागीच थांबावे, तोंड आणि डोळे मिटावेत व आलो तसे एक पाऊल मागे यावे. हातपाय झाडल्याने चिवट धागे अधिकच गुंडाळले जातात आणि कोळी कपड्यांत अडकण्याची शक्यता वाढते; एरवी हादरा बसताच तो स्वतःच धाग्यावरून फांदीकडे पळतो. अंगावर आलाच तर चिरडू नये, काठीने किंवा टोपीने अलगद दूर सारावे. (किंचाळण्यास हरकत नाही, त्याला कान नसतात.)

दाबला गेल्याखेरीज तो सहसा चावत नाही. चावलाच तर वेदना व सूज बहुधा जागेपुरती राहते. जखम साबणाने धुऊन त्यावर थंड पाण्याची घडी ठेवावी. श्वास लागणे, चक्कर येणे किंवा सूज पसरत जाणे असे काही दिसल्यास मात्र चढाई सोडून थेट डॉक्टरांकडे जावे.